न लावलेला ठिपका

प्रिय खारूताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरली असशील. फोन हाताशी असताना ही बया पत्र कशाला लिहिते आहे, काही बरंवाईट तर नाही ना, असं वाटून पाकीट उभ्याउभ्याच फाडलं असशील, तेही वेडंवाकडं. तेव्हा पहिल्यांदा हे वाच: मी बरी आहे. गेल्या आठवड्यात तिसरी तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान भरून आलंय, कुठे काही उरलेलं नाही, आता चार महिन्यांनी या. वजन दोन किलोंनी वाढलंय. सकाळी आमचे हे आणि मी कोपऱ्यावरच्या पोस्टापर्यंत चालत जातो आणि चालण्यापेक्षा जास्त वेळ तिथल्या बाकावर बसून परत येतो. निवृत्त झाल्यापासून यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतलाय आणि सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखरेच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'साखर' लिहिलंय. पस्तीस वर्षं मी त्याच डब्यातून साखर काढतेय, पण ते असो. आता चहा घे आणि खुर्चीत नीट बस, कारण हे पत्र लांबणार आहे. तुला काहीही हातात मिळालं की शेवट आधी वाचायची खोड आहे. आज तसं करू नकोस. एवढं माझं ऐक.

मागच्या महिन्यात फोनवर मी तुला माझ्या दुखण्याचं सगळं सांगितलं. वर्षभर का लपवलंस म्हणून तू माझी खरडपट्टी काढलीस, मग रडलीस, मग मी रडले, आणि त्यात माझा चहा उकळून करपला. मी मनात ठरवून बसले होते की रडारड संपली की मुद्द्याचं बोलायचं. तेवढ्यात तूच बोलता बोलता, जणू वाण्याकडची यादी सांगतेस अशा सुरात म्हणालीस, की हल्ली कंबर धरते, गुडघे तर विचारूच नकोस, आणि हो, गेल्या दोन महिन्यांत दोनदा डाग दिसला, उष्णता झाली असेल. खारूताई, तुझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली आहेत. कसली उष्णता? अशा किती बायकांचे कागद आपल्या टेबलावरून गेले आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हेच तर लिहिलेलं असायचं. मी ओरडले तुझ्यावर. उद्याच्या उद्या तपासून ये म्हणाले. तर तू हसलीस आणि म्हणालीस, मला काय धाड भरलीय, माझी स्लाइड तू स्वतः बघितली होतीस ना, घारीने स्वच्छ सांगितलं म्हणजे स्वच्छ, त्यानंतर मी दुसऱ्या कुणाला बघूच दिलेलं नाही. मी दारावरची बेल वाजते आहे असं सांगून फोन ठेवला. बेल वाजत नव्हती. त्यानंतर चार वेळा तुझा नंबर लावायला घेतला आणि ठेवून दिला. जे सांगायचं आहे ते मला तोंडाने जमणार नाही, हे पाचव्यांदा कळलं, म्हणून कागद घेतला.

आपली ती खोली आठवते का गं? तिसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला, जिथे पेशंट चुकूनही यायचा नाही. लोकांना वाटायचं तिथे झाडू आणि बादल्या ठेवतात. आत शिरलं की डाव्या हाताला बरण्यांची रांग: स्पिरिट, निळा रंग, पाणी, नारिंगी रंग, पुन्हा स्पिरिट, शेवटी ते उग्र वासाचं झायलीन. तारेच्या टोपलीत वीस स्लाइड उभ्या लावायच्या आणि टोपली या बरणीतून त्या बरणीत बुडवत न्यायची, मनात आकडे मोजत. तुझे आकडे नेहमी चुकायचे, कारण तू मोजता मोजता बोलायचीस. तरी तुझ्या स्लाइड माझ्यापेक्षा सुरेख रंगायच्या, याचा मला वर्षानुवर्षं राग होता. खिडकीशी दोन टेबलं, दोन मायक्रोस्कोप, आणि तुझं ते स्टूल, ज्याच्या आखूड पायाखाली घडी केलेला पुठ्ठा असायचा. दिवसाला पन्नास तरी स्लाइड. गर्भाशयाच्या तोंडाशी घेतलेला नमुना काचेवर पातळ सारवलेला, आणि त्यात हजारो पेशी, गुलाबी, निळसर, हिरवट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग एक ओळ सरकून परत, एकही कोपरा न सोडता. काही वावगं दिसलं की त्याच्या शेजारी शाईचा बारीक ठिपका लावायचा आणि ती स्लाइड मोठ्या डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवायची. ठिपका नसेल तर ती बाई घरी जायला मोकळी. स्वच्छ म्हटलेल्या दहांतली एक दुसरीने पुन्हा बघायची, असा नियम होता. माझ्या पहिल्या दोन वर्षांत तुला माझी एकही चूक सापडली नाही, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी माझं नाव घार ठेवलं. मी ते नाव पदवीसारखं मिरवलं. आपण कधी त्या बायकांचे चेहरे पाहिले नाहीत, पण संध्याकाळी जिना उतरताना तू म्हणायचीस, आज पन्नास जणींना घरी पाठवलं. मला ते फार आवडायचं.

आपण सिगारेट ओढायला लागलो ती चैनीखातर नाही, हे आता कुणाला सांगितलं तर पटत नाही. यांनासुद्धा पटत नाही. एक्स-रेवाला, औषधांच्या खिडकीतला तो लठ्ठ आणि दोघे कारकून, दर दीड तासाने मागच्या जिन्यावर जायचे. कुठे गेलेत म्हटलं की सिगारेट ओढायला गेलेत, असं उत्तर मिळायचं आणि तिथे विषय संपायचा, जणू सरकारी कामच ते. आपण मान अवघडली म्हणून दोन मिनिटं खिडकीशी उभ्या राहिलो तर हेडक्लार्क घड्याळाकडे बघायचा. तेव्हा तूच एकदा एक्स-रेवाल्याकडून एक सिगारेट मागून आणलीस, पेटवलीस, आणि मला ओढत जिन्यावर नेलंस. हेडक्लार्क शोधत आला, दार उघडलं, आपल्याला बघितलं आणि असा गांगरला की सॉरी म्हणून निघून गेला. त्या दिवसापासून दहा मिनिटं आपली झाली. पहिला आठवडा तर आपण नुसती धरून उभ्या होतो, ती बिचारी आपली आपण जळत होती. मग तू म्हणालीस, वाया कशाला घालवायची. तू खोकलीस, मी तुला हसले, मग मी खोकले. महिन्याभराने कुणीच खोकत नव्हतं.

आणि आपला तो अर्धीचा नियम! एकीने अर्धी ओढायची, उरलेली दुसरीने. अर्धी म्हणजे ओढल्यासारखं नाहीच, असं आपलं ठरलेलं. दिवसाला दोघींत मिळून सहा-सात संपायच्या आणि विचारलं तर दोघी छातीवर हात ठेवून सांगणार की आम्ही कुठे ओढतो, एखादवेळी अर्धी. घाईत विझवलेली थोटकं तू काचांच्या रिकाम्या डबीत साठवायचीस आणि ती डबी कधी कपाटामागे, कधी जुन्या रजिस्टरांखाली दडवायचीस. मग तुला स्वतःलाच सापडायची नाही आणि तू सगळी खोली उकरायचीस. खारूताई नाव उगाच नाही पडलं. घरी कुणाला वास यायचा नाही, कारण झायलीनच्या वासापुढे सिगारेटचा काय टिकाव लागणार! त्यात दोन पेपरमिंटच्या गोळ्या. माझ्या सासूबाई तर माझं कौतुक करायच्या की हिच्या कपड्यांना दवाखान्याचा स्वच्छ वास येतो. खोटं कशाला बोलू, अजूनही मला त्या पायरीची आठवण येते तेव्हा धुरासकट येते. खाली धोबीखान्याच्या चादरी वाळत असायच्या, पाठीला भिंत गार लागायची, तू तुझ्या घरच्यांच्या नकला करायचीस आणि मी हसून हसून भिंतीला टेकायची. इतकं मनापासून मी नंतर कुणाबरोबर हसलेले नाही. यांच्याबरोबरही नाही, आणि ते हे जाणून आहेत.

आता माझ्या दुखण्याचं. फोनवर मी घाईघाईत सांगितलं, एक गोष्ट गाळली. गेल्या वर्षी पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी, माझ्या भाचीच्या वयाची पोर आहे ती, मला विचारलं, सिगारेट ओढता का. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, अर्धी. किती वर्षं? तीस. तिने पेन खाली ठेवलं. मग तिने मला समजावलं, आणि मी लहान मुलीसारखी मांडीवर हात ठेवून ऐकत बसले. गर्भाशयाच्या तोंडाच्या या कर्करोगाचं मूळ एका विषाणूत असतं, तो फार बायकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकून लावतं. एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. तंबाखूतलं विष नुसतं फुप्फुसांत बसत नाही. ते रक्तातून सगळीकडे जातं, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्रावातसुद्धा सापडतं. तिथली राखण ढिली पडते. मग विषाणू ठाण मांडतो, पेशी बिघडायला लागतात, आणि सावरायची त्यांची ताकदही कमी होते. ओढणाऱ्या बाईला हा धोका जवळजवळ दुप्पट असतो म्हणाली. सोडली की धोका हळूहळू उतरतो, कुठल्याही वयात सोडली तरी, हेही म्हणाली. मी कानकोंडी झाले. आपल्याकडे यायच्या त्या कागदावर तळाशी एक रकाना होता, धूम्रपान हो की नाही. तो कुणी भरायचं नाही आणि आपण कधी वाचला नाही. सिगारेटचा संबंध छातीशी, आपला संबंध खालच्या भागाशी, ते खातं वेगळं, अशी आपली समजूत. जिन्यावर ओढायची आणि आत येऊन तेच बघायचं, आणि मधल्या दाराशी कधी थबकावंसं वाटलं नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर पडताना पर्समधलं सिगारेटचं पाकीट मी कचऱ्यात टाकलं. तेव्हापासून पेन्सिली चावते. यांना घरात कुठेही कुरतडलेली पेन्सिल सापडते आणि ते नवी आणून ठेवतात. माझं लवकर सापडलं म्हणून गर्भाशय काढण्यावर निभावलं, पुढचे हाल झाले नाहीत. लवकर सापडलं ते नशिबाने. माझ्या हुशारीने नाही.

हुशारी असती तर आपण दर दोन-तीन वर्षांनी तपासून घेतलं नसतं का? त्याची तर मोठी गंमत. आपल्याच खोलीत द्यायचं तर लाज, कारण मोठे डॉक्टर बघणार, रिपोर्ट टाइप करणारा कारकून बघणार. दुसरीकडे द्यायचं तर भरवसा नाही, कारण तिथल्या पोरी स्लाइड कशा बघतात हे आपण नाकं मुरडून एकमेकींना सांगायचो. या दोन्हींच्या मध्ये बारा वर्षं गेली. अख्ख्या गावाच्या बायका तपासणाऱ्या दोघी कोऱ्याच्या कोऱ्या. शेवटी बाह्यरुग्ण विभागातल्या मोठ्या सिस्टरने आपल्याला पकडलं. तुझं लग्न ठरलं होतं, चौतिसाव्या वर्षी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, आणि तू अशी उजळली होतीस की खोलीतला दिवा न लावता चाललं असतं. सिस्टर म्हणाली, नव्या घरी जाण्याआधी एकदा स्वतःकडे बघ, आणि हिलाही घेऊन ये. जेवणाच्या सुट्टीत तिने पडदा ओढून दोघींचे नमुने घेतले. दोघी पडद्याआड फिदीफिदी हसत होतो, तिने दटावलं. रजिस्टरमध्ये नोंद नाही, स्लाइडवर नाव नाही, नुसती पेन्सिलीने एक फुली आणि एक गोल. आपल्याच हाताने रंगवल्या. ठरलं असं की माझी तू बघायची आणि तुझी मी. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायच्याच नाहीत.

माझी तू कशी बघितलीस ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. बाकीच्यांना आपण पाच-सहा मिनिटं द्यायचो, माझ्या स्लाइडला तू पाऊण तास दिलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलीस. मग स्टूल फिरवून म्हणालीस, स्वच्छ आहे बाई, थोडी सूज दिसते, दरवर्षी दाखवत जा. तू डोळ्यांत तेल घालून बघितलीस आणि बरोबर सांगितलंस. मी दरवर्षी दाखवलं नाही. माझं जे झालं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, त्यात तुझा रतीभर दोष नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण फोनवर तू दोनदा विचारलंस की माझ्या नजरेतून काही सुटलं का.

तुझं लग्न झालं, तू दुसऱ्या गावी गेलीस, तिथल्या रक्त तपासणीच्या केंद्रात लागलीस. माझ्या शेजारी एक नवी मुलगी आली, ती तोंड न उघडता मोजायची आणि तिचे आकडे कधी चुकायचे नाहीत. मला ती कधीच आवडली नाही. जिन्यावर मी एकटी जायची आणि पूर्ण ओढायची. तुला लेक झाली तेव्हा मी धावत आले. तिला मांडीवर घेतलं तेव्हा मी किती रडले ते तुला आठवत असेल. तू म्हणालीस, घारीला मायेचा उमाळा आला. उमाळा नव्हता तो, हायसं वाटलं होतं. तुझ्या बाळंतपणात इतक्या डॉक्टरांनी तुला तपासलं होतं, कुणीतरी काही तरी बघितलंच असेल, असं मी मनाला सांगितलं. ती पाच वर्षांची असताना पुन्हा आले, तर तू गॅलरीत मला अर्धी पुढे केलीस. आणि मी ती तुझ्या हातातून हिसकावून खाली फेकली, ती नेमकी शेजारणीच्या वाळत घातलेल्या पडद्यावर पडली. काय तमाशा झाला! भावोजी बादली घेऊन धावले. तू भडकलीस, म्हणालीस, नाकाने कांदे सोलू नकोस, तुझ्या पर्समध्ये पाकीट आहे ते मी बघितलंय. होतंच. मी तेव्हा दिवसाला पाच ओढत होते आणि तुला सोड म्हणत होते. तुला वाटलं मी सोवळी झाले. दोन वर्षं आपण बोललो नाही. मग तुझं कार्ड आलं, त्यावर एक खार काढलेली, आणि मी लगेच फोन केला. पण त्यानंतर मी तुला कधीच सोड म्हणाले नाही. दर फोनला तब्येत कशी आहे एवढंच विचारायची, आणि तू हसायचीस की किती वेळा विचारशील.

आता ते, ज्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे, आणि ज्याच्याभोवती इतकी पानं फिरते आहे. तुझी स्लाइड मी पूर्ण बघितली नाही. तू जिन्यावर माझी वाट बघत होतीस, तुझं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि मी खोलीत एकटी होते. अर्ध्याच्या जरा पुढे गेले आणि एका कडेला पाच-सहा पेशींचा पुंजका दिसला. केंद्रकं मोठी, नको इतकी काळी, कडा ओबडधोबड, त्यातल्या दोन पेशींभोवती ती पोकळ कडी. दुसऱ्या कुणाची असती तर मी विचारही केला नसता. मी पेनचं टोपण काढलं होतं, खारूताई. मग परत लावलं. म्हटलं, स्लाइड नीट वाळली नसेल. म्हटलं, असं पुष्कळदा आपोआप बरं होतं, आणि ते खरंही आहे, बहुतेक वेळा होतं. म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगते. पुढचं बघायची हिंमत झाली नाही, म्हणून बघितलंच नाही. स्लाइडला नंबर नव्हता, ठेवायला जागा नव्हती, ती मी माझ्या हाताने फुटक्या काचांच्या डब्यात टाकली, आणि जिन्यावर येऊन तुला सांगितलं की स्वच्छ. तू मला मिठी मारलीस. लग्नानंतर सांगणार होते, मग तू घर लावत होतीस, मग तुला दिवस गेले, मग लेक झाली, आणि मग इतकी वर्षं झाली की आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं हे सांगावं लागणार होतं. मी घाबरट निघाले आणि माझ्या घाबरटपणावर तू सव्वीस वर्षं निर्धास्त राहिलीस. मला त्याची लाज वाटते, रोज वाटते, आणि माफी मागायला शब्द नाहीत म्हणून मागत नाही. तेव्हा काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. आता काय आहे ते मात्र कळू शकतं. तुझ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात सोमवारी अकरा वाजता मी तुझी वेळ घेतली आहे. डाग पडतोय हेही त्यांना सांगितलंय, ते नुसती स्लाइड घेणार नाहीत, सगळं नीट बघतील. बघणारी बाई आपल्या दोघींना ओळखत नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. मी सकाळच्या बसने येते आहे. तू दार उघडलं नाहीस तर मी भावोजींना सांगेन, आणि त्यांनाही न जुमानलंस तर तुझ्या लेकीला. मी स्वच्छ म्हणाले होते तो शब्द मी परत घेते आहे. तो धरून बसू नकोस. तपासणी झाली की मला बसमध्ये बसवून दे आणि मग आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त ते आयुष्य लांबलचक असू दे.

तुझीच,
घार